डोंगरावर जाण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही दौलताबादचा देवगिरी किल्ला नक्कीच पाहिला असेल. अंधारी वाट ओलांडून, पायऱ्यांमागून पायऱ्या चढून तुम्ही बारादरीपाशी पोहोचलात, तेव्हा तुम्हाला दम लागला असेल. पाय दुखले असतील. तरीही वरून खालचा मुलूख पाहताना थकवा विसरला असाल. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे. आता असा विचार करा की, एकावर एक असे चार देवगिरी रचले आहेत आणि तुम्हाला ते एकाच दिवशी चढून उतरायचे आहेत. कळसूबाईच्या शिखरावर जाणे म्हणजे जवळजवळ एवढे श्रम करणे होय.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट आहे. सह्याद्रीच्या रांगेतील हे शिखर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर उभे आहे. त्याच्या पायथ्याशी बारी नावाचे गाव आहे. बहुतेक लोक याच गावातून शिखराकडे जातात. या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. शिखरावर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. कळसू नावाची एक मुलगी या डोंगरावर जाऊन राहिली आणि तिच्यावरूनच डोंगराला हे नाव पडले, असे येथील लोक सांगतात.

आपल्या छत्रपती संभाजीनगरशी या डोंगराळ भागाचे एक जवळचे नाते आहे. प्रवरा नदी याच परिसरात, रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. भंडारदऱ्याच्या धरणातून पुढे वाहत ती प्रवरासंगमाजवळ गोदावरीला मिळते. गोदावरीचे पाणी पैठणच्या नाथसागरात साठते आणि तेथून नळाने आपल्या घरी येते. म्हणजे सह्याद्रीच्या या रांगेत पडलेल्या पावसाचा काही भाग तुम्ही रोज पीत आहात. ज्या डोंगराचे पाणी आपण पितो, तो एकदा पाहून यावा अशी इच्छा होणे साहजिक आहे.

परंतु डोंगराची सहल ही बागेतल्या सहलीसारखी नसते. बागेत पाणी विसरले तर दुकानातून घेता येते. उशीर झाला तर रिक्षाने घरी जाता येते. डोंगरावर दुकान असेलच असे नाही आणि रिक्षा तर नसतेच. तेथे जे आपल्याजवळ असेल तेच कामाला येते. म्हणून डोंगराच्या सहलीचा निम्मा भाग डोंगरावर आणि निम्मा भाग घरी, वही-पेन्सिल घेऊन पार पाडावा लागतो. हिंमत आणि बेपर्वाई हे दोन्ही शब्द तुम्हाला उर्दूतून चांगले ठाऊक आहेत. मराठीतही ते त्याच अर्थाने वापरतात. ज्याने आधी विचार केला आहे त्याच्या धाडसाला हिंमत म्हणतात आणि ज्याने केलेला नाही त्याच्या धाडसाला बेपर्वाई म्हणतात. या पाठात आपण कळसूबाईच्या तीन दिवसांच्या सहलीची योजना कशी आखावी ते पाहू.

पहिला प्रश्न आहे, कोणी जायचे? समजा, तुमच्या वर्गातील बारा जण तयार झाले. त्यांच्याबरोबर किमान दोन शिक्षक हवेत. त्यांपैकी एकाने तरी हा डोंगर पूर्वी चढलेला असावा. तसे कोणी नसेल, तर बारी गावातील माहीतगार वाटाड्या बरोबर घ्यावा. गटात मुली असतील तर शिक्षिका बरोबर हव्यात. मुख्याध्यापकांची परवानगी आणि प्रत्येकाच्या पालकांचे लेखी संमतिपत्र घ्यावे. त्या पत्रात मुलाला दमा, फिट्स, हृदयाचा त्रास किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ते स्पष्ट लिहून घ्यावे. काही मुले आपला आजार लपवतात. सहलीतून नाव कापले जाईल, अशी त्यांना भीती वाटते. पण दमा असलेला विद्यार्थीही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि औषध जवळ ठेवून डोंगर चढू शकतो. धोका असतो तो आजार लपवण्यात. शिक्षकांना तो माहीत असेल तर ते त्याप्रमाणे चाल ठरवू शकतात.

दुसरा प्रश्न आहे, केव्हा जायचे? जून ते सप्टेंबर या महिन्यांत सह्याद्रीत मुसळधार पाऊस पडतो. डोंगर हिरवागार दिसतो, परंतु खडक निसरडे होतात आणि दाट धुक्यात दहा पावलांवरचा माणूसही दिसत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत ऊन कडक असते आणि वाटेवर पाण्याची टंचाई असते. नवरात्रात देवीच्या दर्शनासाठी मोठी गर्दी होते. तेव्हा शाळेच्या गटासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मात्र एक गोष्ट पंचांग आणि कॅलेंडर पाहून ठरवावी. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजानचा महिना दरवर्षी तितकाच अलीकडे येतो आणि काही वर्षे तो हिवाळ्यातच पडतो. रोजा असताना पाणी पिता येत नाही आणि पाण्यावाचून दिवसभर चढणे शरीराला अपायकारक आहे. म्हणून त्या महिन्यात ही सहल ठेवू नये.

तिसरा प्रश्न आहे, कसे जायचे? छत्रपती संभाजीनगरहून बारी गाव दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वैजापूर, शिर्डी, संगमनेर, अकोले आणि राजूर असा रस्त्याचा मार्ग आहे. रेल्वेने मनमाडमार्गे नाशिक रोडला उतरून घोटीवरूनही जाता येते. शालेय सहलीसाठी एस. टी. महामंडळ भाड्यात सवलत देते, त्यामुळे आगारात आधी अर्ज करावा. नकाशा काढा आणि या गावांची नावे स्वतःच्या हाताने त्यावर लिहा. प्रवासालाच पाच-सहा तास लागतात. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी निघून दुपारनंतर बारीला पोहोचावे आणि गावात मुक्काम करावा. दुसरा दिवस फक्त डोंगरासाठी ठेवावा. तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघावे. दोन दिवसांतच सहल उरकण्याचा मोह होईल. पण तसे केले तर एक तर दुपारी उशिरा डोंगर चढावा लागेल किंवा दमलेल्या मुलांना घेऊन रात्रीचा प्रवास करावा लागेल. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, वेळ किती लागेल? येथे आपल्याला गणिताची मदत घ्यावी लागते. स्कॉटलंडमधील विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला. तो नियम आजही जगभर वापरतात. दर पाच किलोमीटर चालीसाठी एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढासाठी आणखी एक तास त्यात मिळवावा. बारी गावापासून शिखरापर्यंतची वाट सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. चढ सुमारे साडेआठशे मीटर आहे. साडेसहा किलोमीटरांना एक तास अठरा मिनिटे लागतील. साडेआठशे मीटर चढाला एक तास पंचवीस मिनिटे लागतील. बेरीज झाली दोन तास त्रेचाळीस मिनिटे.

पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या, तंदुरुस्त प्रौढ माणसाचा आहे. तुमच्या गटात बारा मुले आहेत. कोणाच्या बुटाची नाडी सुटेल, कोणाला पाणी लागेल, लोखंडी शिडीपाशी एकेकाला थांबावे लागेल. म्हणून शहाणा नेता नियमातील उत्तरात निम्मी वेळ आणखी मिळवतो. म्हणजे चढायला चार तास आणि उतरायला तीन तास. गटाची चाल सर्वांत वेगवान मुलावरून कधीही ठरवू नये. ती सर्वांत हळू चालणाऱ्या मुलावरून ठरवावी. हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे म्हणजे बाकीच्यांना आपोआप त्याच्या चालीने चालावे लागते.

आता घड्याळ लावू या. सकाळी साडेसहाला पुरेसा उजेड होऊ लागतो, तेव्हा निघायचे. चार तास धरले तर साडेदहाला शिखर. पाऊण तास वर थांबून सव्वाअकराला परत फिरायचे. दुपारी सव्वादोनला पायथ्याशी. डिसेंबर महिन्यात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे आपल्या हातात साडेतीन तासांहून अधिक वेळ शिल्लक राहतो. हा वेळ वाया गेला असे समजू नका. कोणाचा पाय मुरगळला, तर हाच शिल्लक वेळ त्याला उजेडात खाली आणतो.

या हिशेबातून आणखी एक वेळ काढायची असते. समजा, चढायला अपेक्षेपेक्षा फार उशीर झाला. मग कोठपर्यंत चढत राहायचे? ते डोंगरावर ठरवू नये. घरीच ठरवावे आणि लिहून ठेवावे. आपल्या सहलीत ती वेळ दुपारी बाराची ठेवू. बारा वाजता गट जेथे असेल तेथून परत फिरेल. शिखर अर्ध्या तासावर असले तरी फिरेल. शिखर डोळ्यांसमोर दिसत असले तरी फिरेल. या वेळेला आपण 'परतीची वेळ' म्हणू. ही वेळ गटातील प्रत्येकाला निघण्यापूर्वी पाठ असली पाहिजे. ती आधीच का ठरवायची, याचे कारण आपण पाठाच्या शेवटी पाहू.

पाचवा प्रश्न आहे, बरोबर काय घ्यायचे? पाठीवर नीट बसणारी पिशवी प्रत्येकाजवळ असावी. हातात पिशवी धरून शिडी चढता येत नाही. प्रत्येकाने तीन लिटर पाणी घ्यावे. पाण्याचे वजन जाणवते म्हणून काही जण एकच बाटली घेतात आणि नंतर मित्राकडे मागतात. असे केल्याने दोघांचेही पाणी कमी पडते. खाण्यासाठी भाकरी किंवा पोळी, चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, भाजलेले चणे, खजूर असे पदार्थ चांगले. ते लवकर खराब होत नाहीत आणि भरपूर शक्ती देतात. पायांत चपला किंवा सँडल नकोत. तळाला खाचा असलेले, वापरून मऊ झालेले बूट हवेत. नवे बूट सहलीच्या दिवशी प्रथमच घातले तर पायांना फोड येतात. डोक्याला टोपी किंवा ओढणी असावी. बॅटरी, शिटी आणि एक जादा मोज्यांचा जोड प्रत्येकाजवळ असावा.

गरम कपडे लागतील का? याचेही उत्तर गणितातून मिळते. साधारणपणे दर १,००० मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी कमी होते. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर आहे. कळसूबाई त्याहून १,०७८ मीटर उंच आहे. म्हणजे शिखरावर आपल्या शहरापेक्षा सुमारे सात अंश कमी तापमान असेल असा अंदाज करता येतो. शहरात थंडीच्या सकाळी बारा अंश असतील, तर वर पाच अंश धरून चालावे. त्यात शिखरावरचा वारा घामाने भिजलेल्या अंगाला लागतो तेव्हा थंडी अधिक वाटते. म्हणून एक स्वेटर आणि वारा अडवणारे एक जाकीट पिशवीत असू द्या. चढताना ते काढून ठेवा आणि थांबताच घाला.

गटासाठी प्रथमोपचाराची एक पेटी लागते. तिच्यात जंतुनाशक, कापूस, पट्ट्या, मुरगळलेल्या पायासाठी ताणाची पट्टी, कात्री आणि जलसंजीवनीची पाकिटे असावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तेच काम भागवता येते. मिठाचे प्रमाण वाढवू नये. एक गोष्ट मात्र घरी ठेवून जावी, ती म्हणजे अत्तर. सुगंधामुळे मधमाश्या जवळ येण्याची शक्यता असते. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्यांच्याजवळ आरडाओरडा करू नये, दगड मारू नये आणि धूर करू नये.

आता शरीराच्या तयारीकडे वळू. सहलीच्या आदल्या दिवशी व्यायाम करून काही उपयोग नाही. किमान चार आठवडे आधी सुरुवात करावी. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास भरभर चालावे. तिसऱ्या आठवड्यात शिक्षकांबरोबर गोगाबाबा टेकडी चढावी. चौथ्या आठवड्यात देवगिरी किल्ला चढावा आणि तोही पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन. या सरावातून दोन गोष्टी कळतात. कोणाचे बूट पायाला लागतात ते समजते आणि गटात सर्वांत हळू कोण चालतो तेही समजते. त्याची थट्टा करू नका. तुमच्या सहलीचे वेळापत्रक त्याच्याच पावलांनी मोजले जाणार आहे.

प्रत्यक्ष डोंगरावर काही नियम पाळावे लागतात. एक शिक्षक सर्वांत पुढे आणि दुसरे सर्वांत मागे असावेत. पुढच्याला ओलांडू नये आणि मागच्याच्या मागे राहू नये. कळसूबाईच्या वाटेवर उभ्या खडकांपाशी लोखंडी शिड्या लावल्या आहेत. शिडीवर दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत आणि एका वेळी एकच हलवावा. पायाखालून दगड सुटला तर लगेच मोठ्याने ओरडून खालच्यांना सावध करावे. कड्याच्या टोकावर उभे राहून छायाचित्र काढण्याचा हट्ट धरू नये. हा परिसर कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्यामुळे झाडे तोडणे, शेकोटी पेटवणे, प्लॅस्टिक टाकणे या गोष्टी येथे वर्ज्य आहेत. नेलेला कचरा परत आणावा. शिखरावरील देऊळ गावकऱ्यांच्या श्रद्धेचे स्थान आहे. तेथे पादत्राणे काढून, शांतपणे वागावे. आपण ज्यांच्या गावात पाहुणे आहोत, त्यांचा मान राखणे हा पाहुण्याचा धर्म आहे.

शिखरावर हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेकडे भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. प्रवरेवरील ते विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. दुसऱ्या बाजूला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन बिकट किल्ले दिसतात. वहीत त्यांची रेखाकृती काढा.

संकट आलेच तर काय करावे? आधी एक काम निघण्यापूर्वीच करून ठेवायचे असते. एका कागदावर गटातील सर्वांची नावे, जाण्याची वाट, निघण्याची वेळ आणि पायथ्याशी परतण्याची वेळ लिहावी. त्याखाली आणखी एक ओळ लिहावी : 'या वेळेपर्यंत आम्ही परतलो नाही, तर मदत पाठवा.' हा कागद बारी गावात ज्यांच्याकडे मुक्काम असेल त्यांच्याकडे द्यावा आणि त्याची एक प्रत शाळेत ठेवावी. डोंगरात मोबाइलला सगळीकडे संपर्क मिळत नाही, म्हणून केवळ मोबाइलवर विसंबू नये. संपर्क मिळाला तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक लावावा. कोणी वाट चुकला तर त्याने भटकत राहू नये. आहे तेथेच थांबून शिटी वाजवावी. एका मिनिटात सहा वेळा शिटी, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा शिट्या, हा मदतीचा इशारा गिर्यारोहकांना सर्वत्र समजतो. मिनिटाला तीन शिट्या ऐकू आल्या की समजावे, आपला आवाज पोहोचला आहे.

कळसूबाई उतरून आलेल्या अनेकांना पुढे हिमालय खुणावू लागतो. तुम्हालाही खुणावेल. म्हणून तेथील एक वेगळा धोका आजच समजून घ्या. उंचावर हवेचा दाब कमी होतो. हवेतील ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण तेच, म्हणजे सुमारे २१ राहते. पण हवाच विरळ झाल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. एव्हरेस्टच्या शिखरावर, म्हणजे ८,८४९ मीटरवर, तो सुमारे एक तृतीयांश उरतो. शरीर या बदलाशी जुळवून घेऊ शकते, परंतु त्यासाठी त्याला काही दिवस द्यावे लागतात. सुमारे २,५०० मीटरांच्या वर घाईने गेल्यास डोके दुखणे, मळमळ, थकवा, झोप न लागणे असा त्रास होऊ शकतो. याला उंचीचा विकार म्हणतात. कळसूबाईची उंची त्याहून कमी असल्यामुळे तेथे ही भीती नसते.

हिमालयात जाणारे म्हणूनच एक नियम पाळतात. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम ५०० मीटरांहून अधिक उंच ठेवायचा नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यायची. डोकेदुखी असताना आणखी वर जायचे नाही. कोणी अडखळत चालू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्या जागी त्याला धाप लागू लागली, तर त्याला त्याच वेळी खाली उतरवायचे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहायची नाही. हे शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ साली आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग १९६५ साली स्थापन झाली.

आता त्या परतीच्या वेळेकडे पुन्हा येऊ. ती घरीच का ठरवायची? कारण शिखर जवळ दिसू लागले की माणसाचा विचार बदलतो. थकलेला मेंदू नीट हिशेब करीत नाही. 'इतके आलो, आता थोडेच राहिले,' असे प्रत्येकाला वाटते. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर अनेक गिर्यारोहक दुपारी दोनच्या पुढेही शिखराकडे चढत राहिले. दोन वाजता परत फिरावे, असा विचार आधी झालेला होता. पण तो पाळला गेला नाही. संध्याकाळी वादळ आले आणि १० व ११ मे या दोन दिवसांत आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत जगातील अत्यंत अनुभवी मार्गदर्शकही होते. अनुभव होता, साधने होती, हिंमतही होती. घड्याळाचे मात्र ऐकले गेले नाही.

आता आपल्याच शहरातील दोन उदाहरणे पाहा. रफिक शेख हे तेव्हा औरंगाबाद ग्रामीण पोलीस दलात शिपाई होते. ते २०१४ साली एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले. त्या वर्षी १८ एप्रिलला हिमप्रपात कोसळून सोळा नेपाळी कामगारांचा मृत्यू झाला आणि मोहीम सोडून द्यावी लागली. ते २०१५ साली पुन्हा गेले. २५ एप्रिलला नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला आणि पुन्हा परतावे लागले. दोन वेळा माघार घेऊन हा माणूस तिसऱ्यांदा गेला आणि मे २०१६ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावर उभा राहिला. दुसरे उदाहरण मनीषा वाघमारे यांचे. २०१७ साली त्या शिखराच्या अगदी जवळ पोहोचल्या होत्या. दोनशे मीटरांहूनही कमी उंची उरली होती. पण हवामान बिघडले आणि त्या परत फिरल्या. वर्षभर तयारी करून त्या पुन्हा गेल्या आणि मे २०१८ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट सर केले. २०१७ साली त्या परत फिरल्या, म्हणूनच २०१८ साली पुन्हा जाऊ शकल्या.

मित्रांनो, मराठीत 'माघार' आणि उर्दूत 'शिकस्त' हे शब्द आपण कमीपणाच्या अर्थाने वापरतो. डोंगरावर मात्र वेळेवर घेतलेली माघार हा योजनेचाच एक भाग असतो. तुम्ही सहलीची वही तयार कराल, तेव्हा पहिल्या पानावर गटातील नावे लिहा, दुसऱ्यावर खर्च, तिसऱ्यावर सामान. आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहा : 'परतीची वेळ – दुपारी बारा.' मग एक गोष्ट आपसांत ठरवा. बारा वाजल्याचे गटातील कोणीही सांगू शकेल, अगदी सर्वांत लहान आणि सर्वांत हळू चालणारा मुलगाही. त्याने सांगितले की कोणी हसायचे नाही, वाद घालायचा नाही. सर्वांनी वळायचे. कळसूबाई पुढच्या वर्षीही तेथेच असेल. तुम्ही सर्वजण सुखरूप घरी आलात, म्हणजे तिला पुन्हा भेटता येईल.

स्वाध्याय

१. हिंमत आणि बेपर्वाई यांत कोणता फरक या पाठात सांगितला आहे?
२. गटाची चाल सर्वांत हळू चालणाऱ्या मुलावरून का ठरवावी?
३. एका डोंगराची वाट पाच किलोमीटर आहे आणि चढ ३०० मीटर आहे. नेस्मिथच्या नियमाने चढायला किती वेळ लागेल? त्यात निम्मी वेळ मिळवून तुमच्या गटासाठी वेळ काढा.
४. परतीची वेळ घरीच का ठरवावी? पाठातील एक उदाहरण देऊन लिहा.
५. तुमच्या वर्गाच्या देवगिरी किल्ल्याच्या सहलीसाठी सामानाची यादी आणि वेळापत्रक तयार करा.